ते नाव झालं

श्रावणातला सोमवार होता. पावसाची झड लागलेली, आणि राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या लॅबच्या दारात जो तो आधी छत्री झटकायचा, मग डॉक्टरांची चिठ्ठी पुढे करायचा. पायपुसणं सकाळीच चिंब झालेलं. आत स्पिरिट, फिनेल आणि न वाळलेले कपडे यांचा मिळून एक वास, जो फक्त या दोन महिन्यांत येतो. भाताच्या भांगलणीत पायाला लागलेलं चिघळलं म्हणून एक जण आला होता. त्याच्या जखमेतल्या पूचा स्वॅब आमच्याकडे शिकायला असलेल्या मुलीनं घेतला, काचेवर पसरला, दिव्यावरून फिरवून वाळवला आणि ग्राम स्टेन केला, म्हणजे आधी जांभळा रंग, मग अल्कोहोलनं धुणं, मग गुलाबी रंग. मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. तेलाच्या थेंबाखाली पूच्या पेशी, त्यांच्या मधूनमधून गोल जंतू, द्राक्षाच्या घडासारखे एकमेकांना चिकटून बसलेले. सगळं जिथल्या तिथं होतं, रंग तेवढा चुकला होता. असे घड करून राहणारे जंतू जांभळे दिसायला हवेत, आणि माझ्यासमोर झाडून सगळं गुलाबी.

"अल्कोहोल किती वेळ ठेवलंस?"

"मोजत होतो की मॅडम. तेवढ्यात फोन वाजला." (कोल्हापुरात मुली 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात. पुण्याच्या पाहुण्यांना त्याचं हसू येतं, आणि आम्हाला त्यांच्या हसण्याचं.)

मग मी बोलले. गुलाबी म्हणून रिपोर्ट गेला असता तर डॉक्टर भलत्याच दिशेनं विचार करत बसले असते, फोन महत्त्वाचा की पेशंट, सेकंदांचं काम सेकंदांतच करायचं असतं, वगैरे. बोलण्यात खोटं काही नव्हतं, पण आवाज नको तितका चढला. काउंटरवरचा पोरगा वळून बघायला लागला. ती काही बोलली नाही. दुसरी काच घेतली, पुन्हा सगळं केलं, आणि या खेपेला घड जांभळे आले, पिकल्या जांभळासारखे. सिंकवर काचा धुताना पाठमोरीच म्हणाली, "मॅडम, एक विचारू? तो जांभळा रंग जात का नाही?" म्हटलं, भिंत जाड असते त्यांची, रंग आत अडकून राहतो. "भिंत कशाची असती?" म्हटलं, पेप्टिडोग्लायकनची, कॉलेजात शिकवलं नाही? नळ बंद करून ती वळली. "शिकवलंय की. पण ते नाव झालं. असती कशाची?"

मी म्हटलं, आधी रिपोर्ट टाइप कर.

बावीस वर्षं मी हे काम करते. या बावीस वर्षांत क्रिस्टल व्हायोलेटचे, म्हणजे त्या जांभळ्या रंगाचे, डाग माझ्या उजव्या हाताच्या बोटांवरून पुरते गेले असतील ते फक्त दिवाळीच्या सुट्टीत. बी.एस्सी.ला याच प्रश्नाचं उत्तर मी लिहिलं होतं, षटकोन काढून, बाण दाखवून, आणि पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. पेप्टिडोग्लायकन हा शब्द तोंडात असा बसलेला की त्याच्यापुढे काही विचारायचं असतं हेच विसरून गेलेलं. डब्यावर 'हळद' लिहिलेली चिठ्ठी वाचायची आणि झाकण काही उघडायचं नाही, तसं. शिवाय त्या चिठ्ठीवरही काय लिहिलंय ते बघा. या भिंतीतला एक मुख्य घटक म्हणजे म्युरामिक आम्ल; आणि लॅटिनमध्ये 'म्युरस' म्हणजे भिंत. जाड भिंतीच्या जंतूंत आणखी एक असतं, टायकोइक आम्ल. ग्रीकमध्ये 'टायकोस' म्हणजे, पुन्हा, भिंत. म्हणजे भिंत कशाची, तर भिंत-आम्लाची. घरी येता येता केएमटीच्या बसमध्ये उभी असताना हे आठवलं आणि एकटीच हसले. पोरगी बरोबर बोलत होती.

हसू बिंदू चौकापर्यंत टिकलं. तिथं जुन्या शहराच्या तटाचा तुकडा उभा आहे, काळ्या दगडाचा, पावसात आणखी काळा दिसणारा. रोज त्याच्या शेजारून जाते. त्या दगडांच्या मध्ये काय भरलंय हे मी कधी मान वळवून बघितलेलं नाही.

भिंत कशाची असते हे मला आयुष्यात एकदाच नीट कळलं, तेही ती पडल्यावर. माझं माहेर प्रयाग चिखलीचं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट झालं की इशारा आणि 43 झालं की धोका, हे आमच्याकडे पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेलं आणि आमच्या जुन्या घरात छातीएवढं शिरलं. भिंती भेंड्याच्या. आजोबांनी आणि त्यांच्या भावांनी माती कालवून, पायानं तुडवून, साच्यात घालून उन्हात वाळवलेले ते भेंडे. गंमत अशी, गंमत म्हणायची तर, की पाणी उभं होतं तोवर भिंतीही उभ्या होत्या. बाहेरचं पाणी आणि आतलं पाणी एकमेकांना तोलून धरत होतं. पाणी उतरलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माजघराची भिंत नुसती बसली. पडली म्हणवत नाही. दमलेली बाई बसते तशी बसली. आम्ही खोऱ्यानं ढिगारा ओढायला लागलो तेव्हा त्या भिंतीच्या पोटातलं दिसलं. भाताचं काड, अजून पिवळं. भुसकट. शेणाचा वास नाही, पण धागे होते. काथ्याचा एक तुकडा, हिरव्या बांगडीची काच, एक चिंचोका. लहानपणी ज्या भिंतीला पाठ टेकून मी शाळेचा अभ्यास केला, ती कशानं कशाला धरून उभी होती ते त्या दुपारी गुडघाभर गाळात उभी राहून बघितलं. माती एकटी उभी राहत नाही. काड तिला धरतं.

जंतूंच्या भिंतीचंही माणसाला असंच कळलं, फोडून. ते जंतू बारीक काचेच्या मण्यांबरोबर डब्यात घालून जोरजोरात हलवायचे, फुटतात. आतला सगळा रस धुऊन टाकायचा. उरतात ती रिकामी टरफलं, आणि चकित करणारी गोष्ट म्हणजे त्यांचा आकार तसाच राहतो. गोल जंतूचं टरफल गोल, दांडीसारख्या जंतूचं दांडीसारखं. म्हणजे आकार आतल्या ऐवजाचा नव्हताच, तो भिंतीचा होता. हे सगळं 1950 च्या आसपासचं. मग ती टरफलं आम्लात उकळून त्यांचे सुटे भाग वेगळे केले, आणि काय निघालं?

साखर निघाली.

हे मला कॉलेजात कुणी या शब्दांत सांगितलं असतं तर मी जन्मात विसरले नसते. माझं बालपण गुऱ्हाळाच्या धुरात गेलं. डिसेंबरच्या पहाटे काहिलीत रस उकळायला लागला की आधी हिरवट मळी वर यायची, भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून ती काढायची, मग फेस पिवळा, मग तांबूस, आणि गुळव्या पाण्यात थेंब टाकून बोटांनी गोळी वळून बघायचा. तो वास घरातल्या गोधड्यांना महिनोन्‌महिने यायचा. आमच्याकडे साखर हा पदार्थ नाही, पीक आहे, राजकारण आहे, बापाचं कर्ज आहे. आणि इथं मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा एक जीव त्याच जातीच्या वस्तूची भिंत बांधून बसलेला. अगदी तीच साखर नव्हे, हे सांगायला हवं. ग्लुकोजची कडी घ्यायची, तिच्या एका कोपऱ्यात नायट्रोजन बसवायचा आणि त्या नायट्रोजनला असेटिक आम्लाचा, म्हणजे व्हिनेगरमधल्या आंबटाचा, एक तुकडा जोडायचा. झाली पहिली कडी. हीच कडी झुरळाच्या पाठीत आहे, खेकड्याच्या कवचात आहे, अळंबीत आहे. निसर्गाला काही टणक करायचं झालं की हात तिच्याकडे जातो. दुसरी कडी म्हणजे पहिलीच, फक्त तिला आणखी एक तुकडा जोडलेला, लॅक्टिक आम्लाचा. दह्याचं आंबट. एवढी भर घातली की तिचंच नाव म्युरामिक आम्ल, ते भिंत-आम्ल. पहिली, दुसरी, पहिली, दुसरी, अशी माळ ओवत जायचं. पेप्टिडोग्लायकनमधलं 'ग्लायकन' ते हेच. लांब लांब दोऱ्या, साखरेच्या.

पण नुसत्या दोऱ्यांची बाज होत नाही. आजोबा सुंभाची बाज विणायचे ते मी बघितलंय. उभे पदर ताणून झाले की बाज भरल्यासारखी दिसते, पण बसून बघा, पदर फाकतात आणि माणूस खाली. आडव्यानं उभ्याला अडवल्यावर ती बाज. इथं आडवेपणाचं काम ती दह्याच्या आंबटाची जागा करते. तिथून पाच मण्यांचा एक छोटा सर खाली सुटतो. अमिनो आम्लांचे मणी, ज्यांची आपल्या अंगातली प्रथिनं बनतात तेच, म्हणजे जवळजवळ तेच. अलानिन, ग्लुटामिक आम्ल, मग लायसिन, मग अलानिन आणि पुन्हा अलानिन. शेजारच्या दोरीवरूनही असाच सर सुटलेला. या सराचा तिसरा मणी आणि त्या सराचा चौथा, यांची गाठ मारायची. माझ्या काचेवरच्या त्या द्राक्षाच्या घडांत, स्टॅफमध्ये, ही गाठ थेट नसते. मध्ये ग्लायसिनच्या पाच मण्यांचा एक साकव असतो. अशा गाठी इकडून तिकडे, वर खाली, थरावर थर. आणि सगळ्या गाठी पक्क्या रासायनिक बंधांच्या, म्हणजे हिशेबानं ती अख्खी भिंत एकच रेणू. जंतूला चहूबाजूंनी वेढणारी, कुठेही शिवण नसलेली, पिशवीच्या आकाराची एकच एक वस्तू. दांडीसारख्या ई. कोलायमध्ये ती बहुतेक ठिकाणी एकपदरी. स्टॅफमध्ये 20-40 नॅनोमीटर जाड, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ही ती जाड भिंत, जिच्यावर मी त्या पोरीला झटकून टाकलं होतं.

मणी जवळजवळ तेच असं वर म्हटलं, त्यातलं 'जवळजवळ' मला फार आवडतं. अमिनो आम्लं दोन तऱ्हांची असू शकतात, डाव्या आणि उजव्या हातासारखी. सगळं तेच, पण आरशातलं. आपली प्रथिनं, भाताची, गाईची, माणसाची, एकाच हाताची. या सरातले काही मणी दुसऱ्या हाताचे. ग्लुटामिक आम्लच घ्या. चायनीजच्या गाड्यावर अजिनोमोटो म्हणून शिंपडतात तेच ते, पण इथं आरशातलं. जिभेवर ठेवलं तर ती चव लागणारसुद्धा नाही. आणि प्रथिनं कुरतडणारी जी सर्वसाधारण एन्झाइम असतात, त्यांचे दात एकाच हाताच्या मण्यांना बसतात. दुसऱ्या हाताचा मणी समोर आला की त्यांची कुलूप-किल्ली जमत नाही. चोरांच्या गावात उलट्या आट्यांचा स्क्रू लावावा, तसली ही हुशारी. हुशारी हा शब्द माझा. जंतूला कसली हुशारी.

शेवटच्या दोन अलानिनांचंही असंच. दोन्ही आरशातले. गाठ मारायची चौथ्याशी, मग पाचवा कशाला? तर भिंतीचं काम चालतं पेशीच्या बाहेर, आणि बाहेर शक्ती मिळण्याची सोय नाही. आतलं चलन बाहेर चालत नाही. म्हणून विटा आतच पूर्ण करायच्या, पडद्यातून बाहेर पोचवताना प्रत्येकीच्या कमरेला एक जादा मणी बांधून द्यायचा. बाहेर गेल्यावर तो जादा मणी तोडला जातो, आणि त्या तुटण्यातून जे मिळतं त्यात नवी गाठ बांधून होते. रानात जाणाऱ्याच्या हाती आई भाकरी बांधून देते, रानात चूल नसते म्हणून. कुणी तरी आधीच विचार केल्यासारखं हे वाटतं. कुणी केलेला नाही हे माहीत असूनही वाटतं.

आता, इतकी खटपट कशासाठी? 'संरक्षणासाठी' असं आम्ही लिहायचो. कुणापासून, हे लिहायचो नाही. जंतूच्या आत क्षार, साखरा, प्रथिनं अशी दाटी असते की बाहेरचं पाणी सारखं आत यायला बघतं. स्टॅफसारख्यांत आतला दाब 20 अॅटमॉस्फिअरच्या घरात जातो. उसाच्या ट्रकच्या टायरमध्ये हवा भरतात ती 7 च्या आसपास. म्हणजे भिंत आहे ती मुख्यतः आतल्याला फुटू न देण्यासाठी. चिखलीच्या घराचं नेमकं उलटं, तिथं बाहेरचं पाणी गेलं आणि भिंत बसली. इथं भिंत गेली की पाणी आत येतं आणि सगळंच संपतं. आणि अशा दाबावर असताना त्याला वाढायचंही असतं. ई. कोलायला खायला-प्यायला नीट मिळालं तर वीस मिनिटांत एकाचे दोन. शिवण नसलेली, ताणलेली पिशवी तेवढ्यात दुप्पट करायची म्हणजे जुन्या दोऱ्या जागोजाग कापायच्या आणि तिथं नव्या घालायच्या. अंगात घातलेलं पोलकं अंगावरच उसवून मोठं करायचं, आणि एक क्षण उघडं पडायचं नाही. म्हणून जंतूकडे कात्रीही असते आणि सुईही, आणि दोघी सतत एकमेकींच्या मागे.

पेनिसिलिन फक्त सुई काढून घेतं. 1965 मध्ये डोनाल्ड टिपर आणि जॅक स्ट्रोमिंगर यांनी मांडलं ते असं, की पेनिसिलिनच्या रेणूची ठेवण त्या शेवटच्या अलानिन-अलानिन जोडीसारखी दिसते. गाठ मारणारं एन्झाइम फसतं, त्याला पकडतं, आणि मग सोडताच येत नाही. हात कायमचा अडकला. कात्री मात्र चालूच. भिंत विरळ होत जाते आणि एका जागी आतला दाब तिला फाडून बाहेर येतो. म्हणजे औषध जंतूला मारतं असं आपण म्हणतो, पण त्याला फोडतो तो त्याचाच दाब. आपल्या पेशींना ही भिंतच नाही, म्हणून आपल्याला काही होत नाही. ज्यांना अॅलर्जी आहे त्यांची गोष्ट निराळी. त्या रात्री हे सगळं मी जुनी पुस्तकं काढून, काही मोबाईलवर, जेवण निवत ठेवून वाचलं. नवरा म्हणाला, परीक्षा आहे का? म्हटलं, झाली दुपारी, नापास झाले.

एक गोष्ट वाचून जरा बरं वाटलं. हान्स क्रिश्चियन ग्राम या डेन्मार्कच्या डॉक्टरनं ही रंगवायची रीत 1884 मध्ये छापली, तेव्हा त्यालाही भिंतीचं काही माहीत नव्हतं. तो बर्लिनमधल्या रुग्णालयाच्या शवागारात काम करत होता. न्यूमोनियानं गेलेल्यांच्या फुप्फुसांचे पातळ काप घ्यायचे आणि त्यात जंतू नीट दिसावेत म्हणून रंगवायचे, एवढाच त्याचा खटाटोप. काही जंतू रंग धरून राहतात आणि टायफॉइडचे सोडून देतात, हे त्याला दिसलं. का, ते माहीत नाही. पद्धत अपुरी आहे, पण दुसऱ्यांच्या हाती गेल्यावर उपयोगी पडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. गुलाबी रंगाचा शेवटचा हात तर त्याचा नव्हेच, तो मागाहून आला. म्हणजे सत्तरेक वर्षं जगभरातली माझ्यासारखी माणसं जांभळे इकडे, गुलाबी तिकडे असं निवडत बसली होती, आणि भिंत कशाची हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

गुलाबीचं मात्र मला सांगायला हवं. सांगायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसले होते.

गुलाबी येतात त्या जंतूंची साखरेची भिंत पातळ, पण तिच्याबाहेर आणखी एक स्निग्ध पडदा असतो. अल्कोहोल तो पडदा विरघळवतं आणि जांभळा रंग निघून जातो. मग सॅफ्रनिन, म्हणजे तो गुलाबी रंग, बसतं. जाड भिंत उलट अल्कोहोलनं आक्रसते, रंग कोंडून धरते, पण फार वेळ धुतलं तर तीही सोडते. सोमवारी तेच झालं होतं. त्या बाहेरच्या पडद्यात चरबी आणि साखर यांचा एक जोड-रेणू असतो. जंतू जिवंत असेतो तो त्याचा अंगरखा. जंतू फुटला की त्याच्या चिंध्या रक्तात सुटतात, आणि आपलं शरीर त्या चिंध्या ओळखतं. इतक्या बारीक प्रमाणात ओळखतं आणि इतकं भडकतं, की ताप, थंडी, आणि कधी कधी रक्तदाब सरळ तळाला जातो. म्हणजे मेलेल्या जंतूच्या चिंध्यांवर शरीर इतकं तुटून पडतं, की त्यात घर मोडतं.

नऊ वर्षांपूर्वी, चैत्रात, आईला हुडहुडी भरून ताप आला. शुगर होतीच, त्यात किडनीला संसर्ग. ब्लड कल्चरची, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते बघायची, बाटली आमच्याकडेच आली आणि त्या दिवशी बेंचवर मीच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीतलं रक्त गढूळ दिसलं तेव्हाच हात थोडे थंड पडले. काच केली. सेकंद मोजले, मी नेहमीच मोजते. बारीक दांड्या, सगळ्या गुलाबी. चिखलीतली माणसं त्याच आठवड्यात जोतिबाच्या यात्रेला जाऊन आली होती. डोंगरावर त्या दिवशी दगड, झाडं, माणसं, सासनकाठ्या, सगळं एकच गुलाबी होतं. कुणी तरी 'चांगभलं' म्हणत आईच्या कपाळाला गुलाल लावून गेलं होतं, आणि दवाखान्यातल्या उशीच्या अभ्र्यावर त्याचा पुसट डाग होता. सॅफ्रनिन त्याहून फिकट असतं. पण मला तेव्हापासून ते दोन रंग वेगळे करता येत नाहीत. रिपोर्ट बरोबर होता, वेळेत होता. औषध बरोबर होतं, वेळेत होतं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

गुलाबी चुकून आलेलं मला का खपत नाही, ते हे. त्या पोरीला कसं कळणार? ती आमच्याकडे जूनमध्ये आली.

त्या काळात मी फार रडले, आणि रडताना कुठलंही रसायनशास्त्र आठवलं नाही, हे मुद्दाम सांगते. माणसं उगाच असलं काही लिहितात. पुष्कळ महिन्यांनी केव्हा तरी आठवलं की अश्रूंमध्ये लायसोझाइम असतं. अलेक्झांडर फ्लेमिंगनं ते पेनिसिलिनच्या कितीतरी आधी, 1922 मध्ये, जगापुढे मांडलं. सर्दी झाली असताना स्वतःच्या नाकातला शेंबूड त्यानं जंतूंच्या प्लेटवर टाकून बघितला आणि आसपासचे जंतू विरघळले. मग त्याला अश्रू लागायला लागले, म्हणून तो लोकांच्या डोळ्यांत लिंबाच्या सालीचा रस पिळायचा. लायसोझाइम ही एक कात्रीच, ती साखरेच्या माळेतली पहिली आणि दुसरी कडी यांच्यामधला बंध बरोबर हेरून कापते. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यात ती भरपूर असते. त्यातूनच काढून 1965 मध्ये लंडनमध्ये डेव्हिड फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा अणू-अणूनिशी आकार मांडला. पण फ्लेमिंगची निराशा अशी झाली, की जे जंतू त्यानं विरघळताना बघितले ते निरुपद्रवी. खरे दुखणं आणणारे जंतू बहुतेक दाद देईनात. स्टॅफ आपल्या साखरेला एक जादा तुकडा चिकटवून ठेवतो, कात्रीचं पातं तिथं बसत नाही. आणि गुलाबीवाल्यांना तर तो बाहेरचा पडदाच. अश्रू त्यांच्या भिंतीपर्यंत पोचत नाहीत.

मंगळवारी मी तिला चहाच्या वेळी हाक मारली. एका जुन्या रिपोर्टच्या पाठीवर कड्या काढल्या, सर काढले, साकव काढला. ती उसाच्या पट्ट्यातली, कागलकडची; साखर म्हटल्यावर तिचे डोळे चमकले. "म्हणजे गुळाची भिंत की मॅडम!" म्हटलं, गुळाची नव्हे, त्याच्या चुलत घराण्यातली. ती मान वाकवून बघत राहिली आणि शेवटच्या मण्यावर बोट ठेवून म्हणाली, हा तुटतो तर मग त्याचं काय होतं? मला तेही लगेच सांगता आलं नाही. बघून सांगते म्हटलं. या वेळी रिपोर्ट टाइप कर म्हटलं नाही, एवढंच. सोमवारबद्दल काही बोलले नाही. दोनदा तोंडाशी आलं. तिसऱ्यांदा फोन वाजला, माझा.

गुरुवारी उघडीप होती. दुपारी तिनं एका लघवीच्या कल्चरची काच केली. मी पलीकडे प्लेटा मोजत होते. अल्कोहोल सोडल्यावर ती मोठ्यानं आकडे म्हणत होती ते ऐकू येत होतं, शाळेत म्हणतात तसे, सुरात. मग नळ. मग सॅफ्रनिन. मग बराच वेळ काही नाही. मायक्रोस्कोपवरून मान वर न करता म्हणाली, "मॅडम, गुलाबी आलंय." आणि लगेच, "पण मोजलंय मी."

मी जाऊन डोळा लावला. बारीक दांड्या, सुट्या सुट्या, गुलाबी.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "लिही."